सोनोग्राफीला पहारा, एक्स-रेला कोणी वाली नाही

राजेहो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा. विषय तुमच्या-माझ्या घरच्या लेकरांचा आहे. आणि ज्या बाईमुळे हे लिहितोय ती काही ही पोस्ट वाचणार नाही.

मागच्या थंडीत मुलीला घेऊन छातीचा एक्स-रे काढायला गेलो होतो. तीन वर्षांची पोरगी, खोकला हटेना. गावाचं नाव सांगत नाही, दवाखान्याचंही नाही. अमरावती-अकोला या दोन जिल्ह्यांतलं एक तालुक्याचं गाव समजा. एक्स-रेच्या खोलीत टेक्निशियन पोरगा होता आणि पन्नाशीची एक बाई. झाडलोट करणारी. पोरगी मशीन पाहून रडायला लागली तशी बाईनं पदर खोचला, तिला टेबलाशी धरलं आणि मला म्हणाली, "तुमी भायेर थांबा भाऊ, मी धरतो. रोजचंच हाय माहं."

"रोजचं म्हणजे?"

"लेकरं का उगी राह्यते का? दिवसाचे आठ-दहा तं मीच धरतो."

अंगावर शिशाचा अ‍ॅप्रन नाही. अ‍ॅप्रन खोलीत होता, खुंटीला टांगलेला, वरून धूळ. टेक्निशियनला म्हटलं, तर तो हसला. "लय जड हाय सर तो. अन् एका फोटोनं काई होत नाई." मग बाईला विचारलं, "मावशी, तुम्हाला बिल्ला दिला का?" तिला वाटलं मी ओळखपत्राचं विचारतोय. म्हणाली, "नावाचा बिल्ला? दिवाळीले देतो म्हनले होते सायेब. अजून नाई देल्ला."

अ‍ॅप्रन मी घातला, पोरीला मीच धरलं. फोटो नीट आला, पोरगी आता बरी आहे. पण त्या मावशीचं बोलणं काही डोक्यातून जात नाही.

आता आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की हा पत्रकार लोकांना भडकवून राह्यला. टेक्निशियन खोटं बोलत नव्हता. छातीच्या एका साध्या एक्स-रेत रुग्णाला साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट इतका किरणांचा डोस मिळतो. माती, हवा, अन्न आणि आकाशातून येणारे किरण धरून माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट तसाही मिळतच असतो. म्हणजे छातीचा एक एक्स-रे म्हणजे निसर्गातून तीन दिवसांत मिळतं तेवढं. डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला तर काढा. टीबी, निमोनिया, मोडलेलं हाड न सापडणं हे त्या किरणांपेक्षा कितीतरी घातक आहे.

पण हा हिशेब माझ्या मुलीचा झाला. मावशीचा हिशेब वेगळा आहे. ती रोज उभी राहते, वर्षानुवर्षं. लेकराच्या अंगावरून उसळलेले किरण तिच्या अंगावर येतात, आणि धरताना हात पुढे गेले तर सरळ किरणांच्या झोतातच जातात. आज काही होत नाही, उद्याही होत नाही. म्हणून तर कोणी भीत नाही. हे नुकसान भाजल्यासारखं लगेच दिसत नाही. थोडं थोडं साठत गेलं की पुढे कॅन्सरची शक्यता तेवढी वाढते. आणि वीस वर्षांनी काही झालंच, तर ते एक्स-रेच्या खोलीतून आलं हे कोण सिद्ध करणार?

यापासून वाचायचे उपाय अगदी साधे आहेत. वेळ, अंतर आणि आडोसा. किरणांसमोर कमीत कमी वेळ राहायचं. लांब राहायचं, कारण अंतर दुप्पट केलं की मारा चौथाईवर येतो. आणि मध्ये शिसं किंवा नऊ इंची विटेची भिंत ठेवायची. लेकराला धरायचंच असेल तर आई-बापानं किंवा सोबतच्या मोठ्या माणसानं अ‍ॅप्रन घालून धरावं. तेच तेच कर्मचारी रोज धरणार नाहीत, हा त्यामागचा विचार. जो नेहमी किरणांजवळ काम करतो त्याच्या छातीशी टीएलडी बिल्ला हवा. त्यातल्या चकत्या किरणांचा हिशेब साठवून ठेवतात, दर तीन महिन्यांनी तो बिल्ला प्रयोगशाळेत जातो आणि त्या माणसाला किती डोस मिळाला ते कळतं. आपल्या देशात अशा कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही, ही मर्यादा आहे. सर्वसामान्य जनतेला वर्षाला १.

आता सांगा, मावशी कोण? कागदावर ती सफाई कामगार आहे, म्हणून किरणांची कामगार नाही. म्हणून बिल्ला नाही. आणि जनता म्हणावं, तर जनता कोणी रोज एक्स-रेच्या खोलीत उभी राहत नाही. ती कोणत्याच रकान्यात बसत नाही. तिला आजवर किती डोस मिळाला हे या देशात कोणालाच माहीत नाही, कारण कोणी मोजलंच नाही.

मग हे पाहायचं कोणी? आहे ना, त्यासाठी एक मंडळ आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ, स्थापना १५ नोव्हेंबर १९८३, कचेरी मुंबईत अणुशक्तीनगरला. किरणोत्सार म्हटलं की आपल्याला तारापूर आठवतं, जैतापूरचं आंदोलन आठवतं. पण तुमच्या गल्लीतल्या दाताच्या दवाखान्यातलं एक्स-रे मशीनही याच मंडळाच्या अखत्यारीत येतं. किरणोत्सार संरक्षणाचे २००४चे केंद्रीय नियम आहेत. त्यांत नोंदणी आणि परवाना आहे, सुरक्षा अधिकारी आहे, दारावरची तीन पाकळ्यांची खूण आहे, १८ वर्षांखालच्या पोराला या कामावर ठेवायचं नाही हेही आहे. नियमांत खोट काढायला जागा कमी आहे.

खोट आहे ती अंतरात. मुंबई अमरावतीहून साडेसहाशे किलोमीटरच्या वर आहे. मी त्या दिवसानंतर एका सरकारी कचेरीत जाऊन विचारलं, की एक्स-रे मशीनवर देखरेख कोण करतं? उत्तर मिळालं, "ते केंद्राचं आहे, आपल्याकडे नाही येत." दुसरीकडे गेलो. तिथले साहेब भले माणूस, खुर्ची दिली, चहा पाजला. म्हणाले, "आमच्याकडे फक्त सोनोग्राफी. तुम्ही मुंबईला लिहा."

राजेहो, इथेच मला खरी गंमत कळली. सोनोग्राफीत किरणोत्सार नसतोच. त्या आवाजाच्या लहरी. तरी सोनोग्राफीच्या प्रत्येक मशीनचा नंबर जिल्ह्यात नोंदलेला आहे, गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीचा एफ फॉर्म भरावा लागतो, जिल्हा शल्यचिकित्सक जाऊन मशीनला सील ठोकू शकतात. आणि हे बरोबरच आहे. गर्भलिंगनिदानानं महाराष्ट्रात मुलींचा जीव घेतला, म्हणून १९८८मध्ये देशात सर्वांत आधी आपल्या राज्यानं कायदा केला, मग १९९४ला केंद्राचा आला. तो कायदा चालतो कशामुळे? अधिकार जिल्ह्यात, तालुक्यात दिलेत म्हणून. दार ठोठावणारा माणूस इथलाच आहे म्हणून. ज्या मशीनमधून खरेच किरण निघतात, तिच्या दारात उभा राहायला मात्र जिल्ह्यातला कोणी नाही.

हे मी काही नवं सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००१मध्येच सांगितलं होतं, की वैद्यकीय एक्स-रेवर देखरेखीसाठी प्रत्येक राज्यात किरणोत्सार सुरक्षा संचालनालय उभारा. २०१२ला कॅगनं या मंडळाच्या कारभारावर अहवाल दिला. अकरा वर्षांनंतर किती राज्यांत ते संचालनालय उभं होतं? दोन. केरळ आणि मिझोराम. महाराष्ट्र, जिथे मंडळाची कचेरी आहे, त्यात नव्हता. त्याच अहवालात आहे, की देशात चालू असलेल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी मंडळाकडे नोंद होती ५,२७० ची. बाकी ५२,१७३, म्हणजे शंभरातली एक्क्याण्णव, बिननोंदणी चालत होती. आणि दंड? कॅगनं दाखवून दिलं, की कायद्यात दंडाची कमाल रक्कम होती ५०० रुपये. दोन एक्स-रे काढले की वसूल. २०१३ला संसदेच्या लोकलेखा समितीनंही मंडळाच्या कारभारावर बोट ठेवलं.

त्यानंतर सुधारणा झाली, हे कबूल करायला हवं. ई-लोरा नावाची ऑनलाइन व्यवस्था आली, परवान्यासाठी मुंबईच्या चकरा वाचल्या, नोंदणी बरीच वाढली. पण ऑनलाइन अर्ज भरून खुंटीवरचा अ‍ॅप्रन अंगावर येत नाही. कॉम्प्युटरला धूळ दिसत नाही. ते पाहायला माणूस लागतो, आणि तो न सांगता यायला लागतो.

तुम्ही म्हणाल, मग तू तक्रार का नाही केली? खरं सांगतो, अर्ज लिहिला होता. फाडला. कारण तक्रार गेली असती तर सगळ्यात आधी घरी कोण बसलं असतं? मावशी. "हिनंच सांगितलं असन" म्हणून. तक्रारीवर चालणारी व्यवस्था अशी गरिबाच्या नोकरीवर उभी असते. म्हणून मला तक्रारपेटी नको, तपासणी पाहिजे. सगळ्यांची, पाळीपाळीनं, कोणाचं नाव न घेता.

आता कोरोनाचे दिवस आठवा. फेब्रुवारी २०२१, दुसरी लाट राज्यात आधी आपल्याकडेच दिसली, अमरावतीत लॉकडाऊन लागला. त्या काळात सीटी स्कॅन सेंटरसमोरच्या रांगा आठवतात? एचआरसीटीचा स्कोर किती, हेच सगळे एकमेकांना विचारत होते. काहींनी पंधरा दिवसांत दोन-दोन वेळा काढला. सरकारनं सप्टेंबर २०२०मध्येच त्याचे दर बांधून दिले होते, मशीनप्रमाणे २,०००, २,५०० आणि ३,००० रुपये. चांगलं केलं, लूट थांबली. पण दर बांधला, डोस कोणी पाहिला? मे २०२१मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले, एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेनं ते खोडून काढलं, म्हणे आताच्या मशीनवर डोस फार कमी असतो. टीव्हीवर दोन दिवस भांडण चाललं.

माझं म्हणणं, दोघंही खरे असू शकतात. छातीच्या नेहमीच्या सीटीत साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट जातात, कमी डोसच्या पद्धतीनं काढला तर एक-दीडच्या आसपास. फरक मशीनचा आणि ते कसं लावलंय याचा. प्रश्न इतकाच, की आपल्या गावातलं मशीन यातलं कोणतं होतं? रांगेत उभ्या असलेल्या आपल्यापैकी एकालाही ते माहीत नव्हतं. पावतीवर रुपये होते, रिपोर्टवर स्कोर होता. डोसबद्दल कोणी एक शब्द सांगितला नाही आणि आपणही विचारला नाही.

आणखी एक. एक्स-रे मशीन बंद केलं की किरण बंद, खोलीत काही उरत नाही. पण कॅन्सरच्या उपचारात, वेल्डिंगचे सांधे तपासायला कोबाल्ट, इरिडियमसारखे पदार्थ वापरतात. त्यांना बटण नसतं. एप्रिल २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काय झालं? दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं जुनं, पडून असलेलं उपकरण लिलावात भंगारवाल्याला गेलं. आत कोबाल्ट-६० होतं. भंगारवाल्यांनी ते तोडलं. एकाचा जीव गेला, बाकीचे काही जण भाजून, आजारी पडून दवाखान्यात. विद्यापीठातल्या शिकल्यासवरल्यांना आपल्या खोलीत काय पडलंय ते माहीत नव्हतं. मग अकोल्याच्या किंवा बडनेऱ्याच्या भंगारवाल्याकडे उद्या तीन पाकळ्यांची खूण असलेला जड डबा आला, तर त्यानं कोणाला फोन करायचा? त्याला ती खूण कोणी दाखवली तरी आहे का?

आता मोठ्या लोकांकडे वळतो. हे मंडळ इतकी वर्षं एका सरकारी आदेशावर उभं होतं आणि अहवाल द्यायचं अणुऊर्जा आयोगाला. त्या आयोगाचे अध्यक्ष म्हणजे अणुऊर्जा खात्याचे सचिव. म्हणजे ज्या खात्यावर नजर ठेवायची, त्याच्याच साहेबांकडे हजेरी. मंडळाचे १९९३ ते ९६ अध्यक्ष राहिलेले डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी हे उघड बोलून दाखवलं. २०११ला स्वतंत्र प्राधिकरणाचं विधेयक लोकसभेत आलं आणि २०१४ला लोकसभेबरोबर बुडालं. शेवटी डिसेंबर २०२५मध्ये संसदेनं 'शांती' नावाचा कायदा मंजूर केला. त्यानं १९६२चा अणुऊर्जा कायदा मोडीत काढला, अणुविजेत खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि मंडळाला पहिल्यांदा संसदेच्या कायद्यानं दर्जा दिला. बेचाळीस वर्षांनी का होईना, झालं. पण चर्चा सगळी अणुभट्ट्यांची झाली. तालुक्यातल्या एक्स-रे खोलीचं नाव कोणी काढलं नाही. आपले खासदार, आमदार नव्या सीटी मशीनची फीत कापायला हजर असतात. त्यांच्यापैकी कोणी फीत कापण्याआधी परवाना मागितल्याचं मी तरी पाहिलं नाही.

आणि दोष आम्हा पत्रकारांचाही आहे. "अत्याधुनिक मशीनचे लोकार्पण" अशा चौकटी मी स्वतः किती लिहिल्या असतील! सेंटरच्या जाहिराती आमच्या वर्धापनदिनाच्या पुरवणीत असतात. परवान्याचा नंबर काय, हा प्रश्न वीस वर्षांत मी एकदाही विचारला नाही. मुलीचा खोकला आडवा आला नसता तर अजूनही विचारला नसता.

एक डॉक्टर मित्र हे ऐकून चिडला. म्हणाला, "अजून एक इन्स्पेक्टर आणशील, अजून एक हप्ता सुरू करशील. लहान दवाखाने बंद पडतील, मग पेशंट जाईल अमरावतीला दोन तास एसटीत." त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. हप्त्याची भीती खरी आहे. पण त्यावर इलाज तपासणी उघड करणं हा आहे, तपासणीच नको हा नाही. आणि मी मागतोय ते काय? जो अ‍ॅप्रन आधीच विकत घेऊन ठेवलाय तो वापरणं. आत जाणाऱ्याला बिल्ला देणं. यानं दवाखाना बुडत असेल, तर तो मावशीच्या अंगावर चालला होता असाच त्याचा अर्थ.

म्हणून माझ्या मागण्या, पालकमंत्री आणि दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांसाठी:

१. राज्य सरकारनं मंडळाशी बोलून एक्स-रे, सीटी तपासणीचे अधिकार जिल्ह्यात आणावेत. सोनोग्राफीसाठी माणूस मिळतो, यासाठीही मिळेल.

२. नर्सिंग होमची नोंदणी आणि नूतनीकरण करताना प्रत्येक एक्स-रे मशीनचा परवाना पाहिल्याशिवाय सही नको.

३. जिल्ह्यातल्या प्रत्येक मशीनची यादी, परवाना आणि शेवटच्या चाचणीची तारीख जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाका. सगळ्यांना दिसेल, मग हप्ता कशाचा घेणार?

४. सुरुवात सरकारी दवाखान्यांपासून करा. इर्विन, सर्वोपचार, सगळी ग्रामीण रुग्णालयं. आधी घरचं, मग बाहेरचं.

५. सफाईवाली असो की वॉर्डबॉय, एकतर त्यांना आत थांबवू नका, थांबवत असाल तर अ‍ॅप्रन आणि बिल्ला द्या.

आणि तुमच्या-माझ्यासाठी एवढंच. पुढच्या वेळी एक्स-रेला गेलात की तीन गोष्टी करा. घरात कोणी गरोदर असेल तर आधी सांगा. लेकराला धरायची वेळ आली तर अ‍ॅप्रन मागा आणि स्वतः धरा. आणि शांतपणे, न भांडता विचारा, "मशीनचा परवाना पाहायला मिळेल का?" शंभर जणांनी विचारलं तर एकशेएकाव्याला तो भिंतीवर लावलेला दिसेल.

मावशीकडे मी परत गेलो होतो मागच्या महिन्यात. सोबत बिल्ल्याचं चित्र छापून नेलं होतं. तिनं निरखून पाहिलं आणि विचारलं, "हे लावलं म्हंजे काई होत नाई का भाऊ?" म्हटलं, नाही मावशी, यानं किरण अडत नाहीत. फक्त किती लागले ते कळतं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कळलं तरी पुरे हाय. इतके वर्सं कोनाले कळलंच नाई."

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, मी उत्तर देईन. आणि तुमच्या गावच्या एक्स-रे खोलीत अ‍ॅप्रन खुंटीवर आहे की अंगावर, तेही लिहा. दवाखान्याचं आणि माणसाचं नाव मात्र टाकू नका. नोकरी कोणाची जाते ते वर सांगितलंच आहे.